रिकामा थर्मास

नगर, शनिवार, १८ मे १९४६

काश्मीरहून आम्ही पाच मित्र आज दुपारी मोटारीने परतलो. डोक्यात मात्र तो थर्मासच घोळतोय.

अंथरुणाला खिळलेल्या आईचं एकच मागणं होतं, "बर्फाच्या डोंगराचं पाणी आण रे. तीर्थ म्हणून घेईन." सोनमर्गला हिमनदीच्या तोंडाशी बोटं बधिर होईस्तोवर थर्मास भरला. वुलर सरोवरात नावेतून सगळे पक्षी बघत होते, तेव्हाही माझ्या मांडीवर तोच. आणि आज घोडेगावाजवळ, घर इतकं जवळ आल्यावर, गाडी तापली. मी वस्तीवर पाणी शोधायला गेलो. विहीर खडखडीत कोरडी. परत येतो तर गाडी चालवणाऱ्या गोविंदाने थर्मास रेडिएटरमध्ये ओतलेला!

"अरे, पाणीच तर होतं," म्हणे.

पाणीच तर होतं! थर्मास बरोबर का नेला नाही मी?

आईला खरं ते सांगितलं. "गोविंदा नीट पोचला ना घरी?" एवढंच बोलली. मग थर्मास मागून घेतला आणि उजव्या तळहाताच्या खोलगटात उपडा केला. एक थेंब पडला नाही. तरी तिने तो तळहात ओठांना लावला, मग डोळ्यांना, मग डोक्यावरून फिरवला.