ट्रेलर भंगारात जाणार नाही

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
१७ नोव्हेंबर १९९४

प्रिय श्यामदादा,

तुझं पत्र परवा मिळालं. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. नाही. ट्रेलर विकणार नाही. एक तारखेला तू पाठवणार आहेस तो भंगारवाला आलाच, तर त्याला चहा पाजीन, एवढ्या लांब उन्हात आल्याबद्दल दोन बिस्किटंही देईन आणि आल्या वाटेने परत पाठवीन. ट्रेलर कागदावर तुझ्या नावाने आहे हे मला माहीत आहे. तू पत्रात ते दोनदा लिहिलं आहेस, एकदा लिहिलं असतंस तरी कळलं असतं.

वहिनीच्या माहेरची माणसं विचारतात म्हणे, की तुमची नणंद ट्रक चालवते हे खरं का. त्यांना सांग, खरं आहे. नुसता ट्रक नाही, मागे ट्रेलर जोडलेला ट्रक. एक जीप ट्रकच्या हौद्यात, दोन ट्रेलरवर, अशा तीन जीप घेऊन तुमची नणंद येत्या सोमवारी माळशेज घाट चढणार आहे. सप्टेंबरात अवजड वाहनाचं लायसन्स मिळालं. परीक्षा घेणारे साहेब आधी हसले. मग म्हणाले, ट्रेलर मागे घेऊन दाखवा. मी दाखवला. तू मोटार चालवतोस म्हणून सांगते, ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं असतं. त्याचं ढुंगण उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. हे डोक्यात बसायला मला चार महिने लागले. दर शुक्रवारी अंबरनाथ एमआयडीसीला सुट्टी असते, तेव्हा तिथल्या मोकळ्या रस्त्यावर मी तेवढंच करत होते. तू आणि अप्पा ज्या फाटकातून टाय लावून आत जायचात, त्याच्यासमोर मी ट्रेलर मागेपुढे करत होते. वॉचमनने ओळखलं मला. "साहेबांची पद्मजा ना?" असं विचारून त्याने पाणी आणून दिलं.

अप्पा असते तर काय म्हणाले असते, असं तू लिहितोस. अप्पा काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. ब्याऐंशी साली मी धर्मराजशी लग्न केलं तेव्हा ते म्हणाले, ऑफिसरच्या मुलीने मेकॅनिक केला. जणू मी नवरा नाही, गुन्हाच केला होता. तेव्हा धर्मराज शहाडजवळ लखूमल शेठच्या वाड्यावर कामाला होता. लष्कराने मोडीत काढलेल्या जीप शेठ लिलावात घ्यायचे, धर्मराज त्या उभ्या करायचा, आणि घाटावरचे बागायतदार आणि धरणाचे ठेकेदार त्या न्यायचे. चिखलात, नाल्यात, शेतात, कुठेही चालणारी गाडी त्यांना हवी असायची. पण रंगकाम आणि इंजिनाचं शेवटचं काम ओतूरच्या गॅरेजात व्हायचं, म्हणून जीप घाट चढवून पोचवाव्या लागत. सुरुवातीला एकेक जीप टोचन करून न्यायचो. म्हणजे पुढच्या गाडीला लोखंडी दांड्याने बांधायची आणि ओढत न्यायची. मागच्या जीपमध्ये स्टिअरिंग धरायला कुणीतरी बसावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. लग्नाच्या पहिल्या वर्षी लोक माथेरानला जातात, मी माळशेज पाहिला, तोही धर्मराजच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे डोळे लावून आणि डिझेलचा धूर खात. खूप मजेत होते मी.

हे तुला ठाऊक होतं, आणि घरात फक्त तुलाच. म्हणूनच पंच्याऐंशी साली तुमच्या कारखान्याने जुना ट्रेलर मोडीत काढला, तेव्हा तू मला निरोप धाडलास. लिलाव फक्त नोकरीतल्या माणसांसाठी होता. तू अप्पांपासून लपवून तुझ्या नावावर तो घेतलास आणि धर्मराजने पैसे तुझ्या हातात ठेवले, तर म्हणालास, "राहू दे रे, बहिणीला काही दिलं नाही मी लग्नात." दादा, ते मी विसरलेले नाही आणि विसरणार नाही. त्या ट्रेलरमुळे एका फेरीत तीन जीप जायला लागल्या. बेलवलीचं हे घर, माझ्या सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं त्यावर झालं. आज तू त्याच ट्रेलरला अवलक्षणी म्हणतोस, तेव्हा मला समजत नाही की नऊ वर्षांत लोखंड कसं बदललं.

अपघाताबद्दल तू लिहिलं आहेस, "ज्या गाडीने तुझ्या नवऱ्याचा पाय घेतला ती दारात कशी ठेवतेस?" एक्याण्णवचा फेब्रुवारी. तू पुण्याला बदलून गेला होतास, इथे चार दिवस राहिलास, आणि परत जाताना म्हणालास की यावेळी रेल्वेने नाही, धर्मराजबरोबर घाटाने जातो, ओतूरहून एसटी धरीन. मला किती बरं वाटलं होतं! माझ्या माहेरचं माणूस पहिल्यांदा आमच्या ट्रकमध्ये बसत होतं. तुम्हाला मी पोळ्या आणि वांग्याचं भरीत बांधून दिलं. केबिनमध्ये धर्मराज, मध्ये लखूमल शेठ, खिडकीशी तू. दुपारी तू फोनवर मला जे सांगितलंस, तेच पुढे पोलिसांनी लिहिलं. चढावर इंजिन उकळलं. धर्मराजने ट्रक थांबवला आणि ट्रेलरच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावायला तो मागे गेला. हँडब्रेक सुटला. ट्रेलर मागे आला, त्याच्या पायावरून गेला आणि डोंगराच्या कडेला टेकून थांबला. तू त्याआधीच पाणी आणायला खाली उतरला होतास. धर्मराजनेही दवाखान्यात तेच सांगितलं. म्हणाला, हँडब्रेक मीच नीट ओढला नव्हता.

त्यानंतर तू इथे आला नाहीस. पाकिटं आली, आंब्याची पेटी आली, दिवाळीला धर्मराजसाठी स्वेटर आला, बदलापूरच्या हवेत घालायला! तू आला नाहीस. मी समजायचे, दादाला बघवत नसेल. आणि मी? मी धर्मराजला तीन वर्षं बोलत राहिले. आता लिहून टाकते. कुबडी घेऊन तो दारात बसलेला असायचा आणि मी भांडी घासता घासता म्हणायचे, हँडब्रेक नीट ओढला असतास तर आज ही पाळी आली नसती. ठेवलेला ड्रायव्हर पळून गेला तेव्हा म्हटलं. शेठकडून मिळणारं काम बंद पडलं तेव्हा म्हटलं. नकली पाय बसवून तो पहिल्यांदा अंगणात चालला, त्या दिवशीसुद्धा म्हटलं. तो एकदाही उलटून बोलला नाही.

मग मीच ट्रक चालवायचं ठरवलं. शिकवायला तोच, शेजारच्या सीटवर बसून. सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती होती, पण त्यांनी सुपातला तांदूळ पाखडता पाखडता एवढंच विचारलं, "चाकाला काय ठावं, वर बाई बसलीय का बाप्या?"

गेल्या महिन्यात पहिल्यांदा तीन जीप चढवण्याची तालीम घ्यायला आम्ही शेठच्या वाड्यावर गेलो. धर्मराज आत जीपचे कागद बघत होता. वाड्याच्या फाटकाशी थोडा चढ आहे. जीप चढवून झाल्या होत्या, मी ट्रक त्या चढावर न्यूट्रलला उभा केला, कारण उकळलेलं इंजिन घाटात एकदम बंद करत नाहीत, चालू ठेवूनच थंड करतात, त्याचीच सवय करत होते. अशा वेळी तीन जीपच्या वजनाला नुसता हँडब्रेक पुरत नाही, ठोकळा लागेपर्यंत पाय ब्रेकवरच ठेवायचा असतो. शेठ मागे उभे होते. ठोकळे ट्रेलरच्या फळीवर बांधलेले असतात. शेठ त्यांच्या माणसाला हिंदीत ओरडले, "उतार! उतार!" आणि दादा, मी दार उघडून खाली उतरले. आपल्या कानाला ते "उतर" असंच ऐकू येतं रे. घाईने ओरडलं की माणसाला वाटतं आपल्यालाच सांगतायत, आग लागली, गाडी चालली, उतर. शेठ सांगत होते ठोकळा खाली काढायला. ट्रेलर हातभर मागे आला आणि मागच्या मातीच्या ढिगाला अडला. कुणाला काही झालं नाही.

पण शेठ पांढरेफटक पडले. त्या सत्तरीच्या माणसाने जुन्या टायरवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी म्हटलं, शेठ, चुकले, पुन्हा नाही होणार. तर म्हणाले, "बेटी, तेरा भाई भी ऐसेच उतरा था. मैं पीछे से बोला, लकडी का गुटका उतार, वो बेचारा खुद उतर गया. धरमराज ने उसको ब्रेक पे बिठाया था. मेरे को कसम दी, किसी को बोलने का नहीं."

घरी आल्यावर मी धर्मराजला विचारलं. तो म्हणाला, "सांगून काय पाय परत येनार व्हता? आनि तुला भाऊ येकच हाय." ट्रेलरखालून त्याला बाहेर काढत असतानाच त्याने शेठना शपथ घातली होती. त्या अवस्थेत त्याला माझं माहेर सुचलं. मी त्या दिवशी त्याच्यासमोर खूप रडले, आणि आधी तीन वर्षं जे बोलले होते त्याची एकेक करून माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे, तुला मोजून ध्यानात हायत व्हय?" आणि हसला. दादा, त्याचं ते हसणं मला सोसवलं नाही.

तुला काही लिहायचं नाही, असं त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मी आज मोडते आहे, आणि तुझं पत्र आलं नसतं तर कदाचित मोडलंही नसतं. ट्रेलर भंगारात घालायची तुला एवढी घाई का, ते मला आता कळतं. तो माझ्या दारात उभा आहे तोवर तुला माझ्या दारात येता येत नाही. पण दादा, ट्रेलर गेल्याने ते सुटणार नाही. तू ब्रेकवरून पाय काढलास याचा मला राग नाही. मीही काढला, ट्रेलरशी नऊ वर्षं संसार करून काढला. तू तर पहिल्यांदा बसला होतास. राग याचा आहे की तुझी चूक त्याने स्वतःवर घेतली, आणि तू ती त्याला वाहू दिलीस, आणि मी त्याला त्यासाठी बोलत राहिले. ट्रेलर माझ्या नावावर करायचा फॉर्म मी आणून ठेवला आहे, पण पाठवत नाही. टपालाने आलेली सही मला नको. सोमवारी सकाळी सातला आम्ही निघतो, मी चालवणार, धर्मराज शेजारी. तू रविवारी ये. सही कर किंवा करू नकोस, सोमवारी तीन जीप घाट चढणार म्हणजे चढणार, तुझा ट्रेलर नसेल तर दुसऱ्याचा भाड्याने आणीन. पण ये, आणि त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांकडे बघून, एकदा तुझ्या तोंडाने सांग, "पाय मी काढला."

खूप रागावलेली, आणि तरीही तुझीच,
पद्मा