जावक क्रमांक विचारायचा राहिला

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण पोलिसांबद्दलची शंका मी तुमच्याखेरीज कधी कुणाला विचारली नाही. माझ्या हातून एक चूक झालीय. चूकच ना? तेही नीट कळत नाहीये.

खारघरच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. रिटायर्ड टीचर, वेळच वेळ, म्हणून सगळ्यांनी मलाच बसवलं. मागच्या महिन्यात साध्या कपड्यांतला एक पोलीस आला. ओळखपत्र दाखवलं. सहाव्या मजल्यावर अनघा एकटी भाड्याने राहते, कॉलेजात शिकवते. तिच्या येण्याजाण्याचं पंधरा दिवसांचं कॅमेऱ्याचं फुटेज त्याला हवं होतं. चौकशी चालू आहे, एवढंच म्हणाला. आणि मी काय केलं? माझे वडील पोलिसात होते, असं कौतुकाने सांगत बसले.

"मग तर तुम्ही घरच्याच, मॅडम," तो म्हणाला. "तुम्हाला काय कागद दाखवायचा?"

चहा दिला, आणि पेनड्राइव्हही.

आठवड्याभरात अनघाचा नवरा मागच्या गेटपाशी उभा राहू लागला, बरोबर तिच्या निघायच्या वेळी. मारहाणीला कंटाळून तिनं त्याचं घर सोडलंय. परवा ती माझ्याकडे आली.

"काकू, मी मागच्या गेटने जाते हे फक्त वॉचमनला माहीत होतं. त्यानंच सांगितलं असेल ना?"

मी गप्प बसले. अप्पा, मी गप्प बसले!

काल पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत पानं पाहिली. आमच्या सोसायटीच्या नावाने फुटेज मागणारं पत्र गेलंच नव्हतं. "जावक क्रमांक काय होता, मॅडम?" त्यांनी विचारलं, आणि मला तिथेच रडू आलं. घरात कुठलाही कागद आला की तुम्ही हेच विचारायचात. सहलीच्या परवानगीसाठी मी चिठ्ठी लिहिली, तीही तुम्ही परत केली होतीत, नंबर टाकून आण म्हणून! नंबर असला की मागे एक माणूस असतो, उद्या त्याला जाब विचारता येतो, असं म्हणायचात. तो नंबर नेमका त्या दिवशी कसा आठवला नाही? 'घरच्याच' म्हटल्यावर मी विरघळले का?

लेखी तक्रार द्या, मग त्या पोलिसाला विचारतो, असं साहेब म्हणाले.

पण खरा गोंधळ तुमच्याबद्दलच आहे. हॉस्टेलवर कॉन्व्हेंटच्या सिस्टर आमची पत्रं फोडून वाचायच्या. तुम्हाला कळल्यावर तुम्ही वर्दीत शाळेत आलात आणि मोडक्या इंग्रजीत विचारलंत, माझ्या मुलीचं पत्र वाचायचा हुकूम कुणाचा? केवढ्या ताठ मानेनं फिरले होते मी त्या दिवशी! आणि आई गेल्यावर एकदाच बोलून गेलात, की नोकरीतली बारा वर्षं तुम्ही लोकांची पत्रंच वाचत होतात. हुकूम होता, म्हणालात. प्रत्येक पाकिटासाठी तुमच्या वरच्या साहेबांची सही होती.

मी पुढे विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं. सही असली की झालं? साहेबांनीच चुकून, किंवा मुद्दाम, भलत्याच माणसाच्या नावावर सही केली असेल, तर त्यांना जाब कुणी विचारायचा? ज्यांची पत्रं वाचलीत, त्यांना कधी कळलं तरी का? त्यांच्यापैकी कुणाच्या गेटपाशी कोण जाऊन उभं राहिलं, हे तुम्हाला माहीत होतं का, अप्पा?

तुमच्यावर रागावलेय असं नाही. गेल्या वर्षी सोसायटीतला चोर कॅमेऱ्यामुळेच सापडला, तेव्हा मीच पेढे वाटले होते. मग कॅमेरा चांगला की वाईट? पोलिसाला नाही म्हणायचं कसं, हे तुम्ही पोलीस असून मला कधी शिकवलं नाहीत.

अनघाच्या संशयावरून वॉचमनला काढायची मीटिंग आज सहाला आहे. त्याआधी मी अनघाकडे जाणार. फुटेज मी दिलं, हे तिला सांगणार, आणि तक्रारीवर पहिली सही माझी करणार. ती दार उघडेल का, पुन्हा काकू म्हणेल का, माहीत नाही. दार लावून घेतलं तर बाहेर उभी राहून सांगेन, पण सांगेन. एवढं वचन देते.

तुमची,
बेबी