गुणगुणता ओंडका

पानगळ, ४ तारीख

कान गेला. उजवा कधीच गेला होता, आज डावाही. आरडाओरडा ऐकू येतो, बारीक काही नाही. सकाळी ओंडक्याला कान लावून बसलो — भिंतीला लावल्यासारखं. गप्प आहे म्हणून कुऱ्हाड उचलली, तर ही पलंगावरून केवढ्यांदा ओरडली! "अहो, गुणगुणतोय तो! मला इथवर ऐकू येतंय!"

चाळीस वर्षं अळ्या काढतोय. ओंडका गप्प, तर आतल्या अळ्या खायच्या. गुणगुणत असेल तर त्यांना पंख फुटायला लागलेत — हात लावायचा नाही, खिडकीत ठेवून द्यायचा. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मी कुऱ्हाड उचलली!

कुणाला सांगायचं नाही.

५ तारीख

हिनेच तोड काढली. दोन वर्षं पाय हलत नाहीत, पण डोकं घोड्यासारखं पळतं. ओंडका पलंगाशी न्यायचा, कान ती लावणार, बोटाने फळीवर वाजवणार. एकदा — गप्प. दोनदा — गुणगुण.

"तुम्ही माझे पाय, मी तुमचे कान," म्हणते. म्हटलं, पुरे कौतुक.

९ तारीख

सहा ओंडके झाले, एक चूक नाही. शिंपीणबाई अळ्या न्यायला आली. ओरडूनच बोलते ती. "आजोबा, कान तिखट आहेत हो अजून तुमचे!" मी हो म्हटलं. पलंगावर हिचे खांदे गदगदा हलत होते. हसते काय!

१२ तारीख

ही फार खंगली. उचलून बसवताना उशी उचलल्यासारखं वाटतं. दिवसभर खिडकीकडे बघते. खिडकीत काय, तर समोरची भिंत! पूर्वी ओंडके आणायला रानात हीच जायची, मी चूल बघायचो. आज विचारते, "पाय सुटलेल्यांना वरून रान दिसत असेल का हो?"

गुणगुणती अळी खाल्ली की पाय सुटतात. जमिनीपासून. माझ्या मावशीचा नवरा चुकून खाऊन बसला, तर तीन दिवस छताला डोकं टेकून तरंगत होता. चौथ्या दिवशी आपसूक उतरला आणि जेवायला मागितलं. पण तो होता रेड्यासारखा. घंटावाल्याची आई नुसती काडी. तिने खाल्ली तेव्हा अंगणात होती. पुन्हा कुणाला दिसली नाही.

म्हटलं, "भलतंसलतं बोलू नको. झोप."

१५ तारीख

सरपण ओलं. धूर. बाकी काही नाही.

१७ तारीख

नवा ओंडका. हिने कान लावला. डोळे मिटून, बराच वेळ. मला वाटलं झोपली. मग बोट — एकदा.

फोडला. अळ्या गुबगुबीत, जरा चकाकत होत्या. उन्हाने असेल. रीत अशी की नव्या ओंडक्यातल्या आधी घरच्यांनी खायच्या, मग गिऱ्हाईकाने. मिठात भाजून हिला चार दिल्या. चारही खाल्ल्या! महिन्यात पहिल्यांदा ताट रिकामं. मी म्हटलं, माझं उद्या बघू.

१८ तारीख

सकाळी पांघरूण पलंगावर, ही वर. छताशी! केस पाण्यात पसरावेत तसे. आणि पाय — ते मेलेले पाय — हळूहळू हलत होते, पोहल्यासारखे.

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हातारीचेही कान गेले! ही वरून ओरडली, "रडताय काय? जळमटं किती झालीयत इथे! झाडू द्या."

झाडू दिला. काय करणार.

मग कमरेला दोर बांधला, पलंगाच्या पायाला गाठ मारली. उरलेल्या अळ्या बरणीत झाकून ठेवल्या. गिऱ्हाईकाला एक नाही.

२० तारीख

विचारलं, "तुला खरंच ऐकू आलं नव्हतं?"

हळू बोलली, पण ओठांवरून कळलं. "आलं की. पोळ्यासारखा घुमत होता."

दिवसभर बोललो नाही तिच्याशी. गाठ मात्र चारदा तपासली.

२२ तारीख

चौथा दिवस गेला, पाचवाही. उतरत नाही. दोर ताणलेलाच. कमरेवर वळ उठलेत. "काचतोय हो," म्हणाली. तेवढंच. सोडा म्हणाली नाही.

शिंपीणबाईला दारातच सांगून टाकलं — माझे कान गेलेत, आता दुसरीकडून घ्या. तर म्हणते, "अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, आजोबा! आजी ऐकतात म्हणून तर येत होतो." वर बघितलं तिने. रडायला लागली. तिला घरी पाठवलं.

दुपारी खिडकीचे गज काढले. हवा यावी म्हणून.

२३ तारीख

उरलेल्या तीन मी खाल्ल्या. मीठ कमी होतं. दोराचं टोक पलंगाचं सोडून माझ्या कमरेला बांधलंय. खुर्ची खाली राहिली, वही मांडीवर.

गुणगुण ऐकू येतेय! आतून. केवढी मोठी!