बिनघंटीची दोरी

यांगून, गुरुवार, ऑफिस सुटल्यावर

तीर्थरूप थोरल्या मावशीस,

म्या सांदाचे गुडघे टेकून तीन नमस्कार. (खरोखर टेकले. फरशी आधी पुसून घेतली.) तुझ्या गुडघ्यांचं दुखणं थंडीत वाढलं नसेल अशी आशा करते. मांजरीला पिल्लं झाली का? माझी तब्येत उत्तम आहे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करते आणि संध्याकाळी बिनलिफ्टच्या इमारतीत सहावा मजला चढते, त्यामुळे भूक लागते आणि झोप येते. तू पाठवलेली पपनसांची गोणी पोचली. गोणीतली सगळी पपनसं माझ्यापर्यंत पोचली असं मात्र लिहिता येणार नाही. का, ते ओघाने येईल.

आता तू सोपवलेल्या कामाबद्दल. तुझ्या मैत्रिणीचा सिथू रविवारी सकाळी बसने उतरला. सोमवारी त्याला जहाज कंपनीला उत्तर द्यायचं होतं, की दोन वर्षं समुद्रावर जायचं, की नदीपलीकडे दालाला बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात राहायचं. त्याच्या आईला तो जमिनीवर हवा होता आणि तू मला बजावलं होतंस, की शहर असं दाखव की पोराचा पाय निघू नये. मी हो म्हटलं ते त्याच्याशी असलेल्या शाळेतल्या ओळखीखातर. त्यात दुसरं काही नव्हतं हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

मी आदल्या दिवशी सगळं नीट आखलं होतं. आधी चहा, मग बाजार, दुपारी तळ्याकाठची सावली आणि ऊन उतरताना श्वेडगोनचा सोन्याने मढवलेला पॅगोडा, कारण त्या उन्हात ते सोनं पाहिल्यावर माणूस कुठल्याही कागदावर सही करेल. आखणीत दोष नव्हता. दोष पाहुण्यात होता. त्याला समोर बघताच येत नाही. तो वर बघत चालतो. चहाच्या दुकानातून निघालो तेव्हापासून त्याची मान जी वर गेली ती खाली आली नाही, आणि गोणी खांद्यावर असल्यामुळे (तो उतरणार होता त्या विहारात बाकीचं सामान ठेवलं तेव्हा तुझी गोणी मात्र स्वतःच्या हाताने पोचवीन म्हणून तो हटून बसला) तो दोनदा सायकलरिक्षावाल्यांवर आणि एकदा एका भिक्षूंवर आदळला. भिक्षूंनीच त्याची क्षमा मागितली. मला भर रस्त्यात जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

वर काय बघत होता, तर दोऱ्या. मोलम्याइनला तुमची बैठी घरं, फाटकाशी उभं राहून हाक मारली की काम झालं. इथे प्रत्येक मजल्याच्या गॅलरीतून एक दोरी फुटपाथपर्यंत लोंबते. टोकाला चिमटा, वरच्या टोकाला घंटी. खालच्याने ओढायची, वरच्याने किल्ली, पिशवी, डबा जे काय ते सोडायचं. मला या दोऱ्या दिसेनाशा होऊन कैक वर्षं झाली. तो म्हणाला, "सांदा, तुमच्या इमारतींना मिशा आहेत गं." मी म्हटलं, पुढे चल. तो म्हणाला, "तुझ्या दोरीची घंटी कशी वाजते?" मी म्हटलं, माझ्या दोरीला घंटी नाही, मी काढून ठेवली आहे. "का?" कारण लोक वाजवतात. यावर तो पुन्हा मान वर करून घंट्या मोजायला लागला, आणि मला उगाचच मी काहीतरी चुकीचं जोडलंय असं वाटत राहिलं.

बाजार राहिला, कारण वाटेत त्याला नदीचा वास आला. तासभर बोटीत बसवू, हवा खाईल, कारखानाही लांबून दिसेल, असा मी हिशेब केला. बोट सुटली तशी शहराची गडबड हळूहळू मागे सरकली, कोणीतरी दुसऱ्या खोलीत रेडिओ बारीक करावा तशी. धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं. गंगाचिल्ल्या बोटीबरोबर उडत होत्या, पंख न हलवता, आणि धुक्यात मध्येच श्वेडगोनचं टोक तेवढं दिसलं, खाली काहीही नसलेलं, नुसतंच अधांतरी. मी त्याला ते दाखवायला हात उचलला आणि माझ्या हातातलं दुधीचं गरम भजं एका गंगाचिल्लीने उचललं. (बोटाला लागलं नाही. अभिमानाला लागलं.) वळून बघते तर पाहुणा गायब. तो इंजिनाच्या झाकणाशी उकिडवा बसून कान लावून ऐकत होता. इंजिनवाल्या काकांना सांगत होता, "काका, हिचा तिसरा सिलिंडर मुसमुसतोय." काका म्हणाले, "बायको गेल्यापासून मीही मुसमुसतो, पोरा. बोट चालतेय ना?" त्यानंतर ते दोघे आत उतरले, आणि दाला आलं, गेलं, यांगून आलं, पुन्हा दाला आलं. मी बाकावर बसून राहिले. नदी चहासारखी दाट आणि संथ होती, माणसं चढत होती, उतरत होती, आणि आपण कुठल्या किनाऱ्याकडे चाललो आहोत याने काही फरक पडत नाही असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. (तू मला ओळखतेस. हे वाक्य पुन्हा वाचू नकोस.)

तर तळंही राहिलं. आम्ही माझ्या गल्लीत पोचलो तेव्हा दिवे लागत होते. किल्ली माझ्याकडेच होती, दोरीची काही गरज नव्हती. मी पिशवीत किल्ली शोधत होते तेवढ्यात त्याने "ही तुझी?" म्हणत एक निळी दोरी ओढली. ती माझी नव्हे, चौथ्या मजल्यावरच्या दॉ ओन म्यिंट आजींची. आजी रोज त्या वेळी नूडल्सवाल्यासाठी रिकामा डबा सोडतात. घंटी वाजली, डबा आला. या गृहस्थाला वाटलं, शहर आपल्याकडे काहीतरी मागतंय. त्याने गोणी सोडून सगळ्यांत मोठं पपनस डब्यावर बसवलं, चिमट्यात अडकवलं आणि दोरीला झटका दिला.

त्या दोरीला तेवढा भार झेपणारा नाही हे मला दिसत होतं. सांगायला तोंड उघडलं तोवर आजींनी पपनस तिसऱ्या मजल्यापर्यंत ओढलं होतं. पुढचं सगळं सावकाश घडल्यासारखं आठवतं: दोरी तुटली, पपनस दिव्याच्या उजेडात पिवळं चमकत खाली आलं, उभ्या टॅक्सीच्या टपावर आपटलं, आणि डबा त्याच्यामागून, वाजत वाजत. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. चार वर्षांत या गल्लीत माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. मी ते तसं जपलं होतं.

"मी नूडल्स मागितले होते," आजी वरून ओरडल्या, "फळबाजार नाही! सहाव्या मजल्याची ना गं तू? हा कोण?"

"मी सिथू, मोलम्याइनचा. हिचा पाहुणा, आजी," त्याने हात जोडले.

"किती दिवसांचा?"

"उद्या ठरणार. जहाज, नाहीतर दाला."

"आणि ही काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

"दिसतंच आहे. मुकी आहे का?" आजींनी कठड्यावर कोपरं टेकली. टॅक्सीवाला टपावरचा पोचा विसरून माझ्याकडे बघत होता. "अगं बये, उद्याचं उत्तर तो उद्या देईल. बोल काहीतरी!"

मला बोलायला पुष्कळ होतं. भाराबद्दल, दोरीच्या जाडीबद्दल. मी म्हटलं, "दालाची बोट रोज सकाळी सुटते. संध्याकाळी परत येते."

खालच्या मजल्यावर कोणीतरी टाळी वाजवली. सिथूने मात्र पहिल्यांदाच मान खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "श्वेडगोन राहिला की." मी म्हटलं, तो कुठे जात नाही.

उरलेली पपनसं आम्ही गल्लीत वाटली. टॅक्सीवाल्याने दोन नेली आणि पोच्याचं नाव काढलं नाही. आजींना मी लिफ्टच्या कामातली चांगली दोरी बांधून दिली. ती आजींनाही उचलेल.

मोठ्यांना नमस्कार, मांजरीला आशीर्वाद.

तुझी,
म्या सांदा

ता. क. सिथूने सोमवारी जहाज कंपनीला नकार कळवला. त्याच्या आईला सांग, की बोटीच्या तिसऱ्या सिलिंडरमुळे. तो आता मुसमुसत नाही.

ता. क. दुसरा. श्वेडगोन अजून राहिलाच आहे. सवड झाली नाही. तू रागावशील हे ठाऊक आहे.

ता. क. तिसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच होतं. दालाहून येणारा माणूस रोज संध्याकाळी खाली उभा राहून माझ्या नावाने ओरडतो, कारण माझी दोरी मुकी आहे. सोबत आता टॅक्सीवालाही ओरडतो. मी गॅलरीत पोचायच्या आत दॉ ओन म्यिंट आजी "येतेय, येतेय, केस विंचरतेय" असं माझ्या वतीने उत्तर देतात. (मी केस विंचरत नसते. बहुतेक वेळा.) इथल्या बाजारातल्या घंट्या मी पाहिल्या, सगळ्यांचा आवाज पत्र्यासारखा आहे. आजोबांच्या टांग्याच्या घोड्याची पितळी घंटी तू फाटकाला बांधली आहेस, ती पाठवशील का? फार मोठ्याने वाजायला नको. सहाव्या मजल्यावर एकीला ऐकू आली की पुरे.