एकाचे दोन रोग

पांढुर्णा, नोव्हेंबर १९५६

दोन रोग! मूत्रपिंडांना एकाच वेळी दोन, आणि मला आनंद मावेना. लघवी काळ्या चहासारखी झाली तेव्हा वाटलं, मधुमेहानं मूत्रपिंड संपवलं. आज नागपूरचे (या महिन्यापासून दुसऱ्या राज्यातले!) डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, साखरेनं झालेला जुना बिघाड राहीलच. चहाचा रंग मात्र पायावरच्या त्या पिकलेल्या फोडांमुळे आला. ती मूत्रपिंडाची वेगळी, नवी सूज आहे. ती उतरून राहिली."

म्हणजे मी मरत नाही? इतक्यात तरी नाही!

घरी सांगितलं, तर बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "एकाचे दोन रोग झाले, अन् तुम्ही हसून काय राहिले?"

समजावलं, तशी रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मीठ मात्र भेटणार नाही."

अळणी वरण दोनदा मागून घेतलं.