दुखवट्यातला घोडा

५ सप्टेंबर
आले एकदाची अल्माटीला! गोदामात उंचावरचा माल काढायच्या यंत्रावर नोकरी लागली. फळीवर उभं राहायचं, कमरेचा पट्टा अडकवायचा, पायाखालचा खटका दाबला की नळीतल्या तेलाच्या जोरावर फळीसकट आपण मांडणीच्या शेंड्याला. तिथून चहाची, साबणाची खोकी काढून शेजारी रचायची आणि खाली यायचं. पाय उचलला की यंत्र जागीच थांबतं. महिनाभरात कायम झाले की इंकारला आईकडून घेऊन येईन. लेक मला विसरायच्या आत तिला आणायचीच.

सगळी यंत्रं गुंतलेली होती. एकच भिंतीकडे तोंड करून उभं होतं, काळं फडकं बांधलेलं, पट्टा अर्धा कापलेला. आमचे मुकादम झोमार्त घाईत होते. नवा पट्टा लाव नि घे, म्हणाले. फडक्याने मी यंत्र लख्ख पुसलं.

८ सप्टेंबर
कुणी बोलत नाही. चहाला बसले तर माझ्यापुढची चहाची वाटी उचलून नेली. शेवटी खोकी बांधणाऱ्या वयस्क बाईंनी, ओराझकुल अपांनी, तोंड उघडलं.

"पोरी, केंझेगालीच्या घोड्यावर तुला बसवलं कुणी?"

केंझेगाली गेल्या वर्षी त्याच यंत्रावरून पडून मेला. आमच्या कझाक लोकांत मेलेल्याच्या घोड्याची शेपटी कापतात, त्यावर कुणी बसत नाही, वर्ष भरलं की जेवणाला तोच घोडा कापतात, हे आजोबांकडून ऐकलं होतं. पण यंत्राचाही दुखवटा? मला हसू आलं. हसायला नको होतं. अपा शांतपणे म्हणाल्या, "हस. बसलीस तेव्हाच त्याची झालीस."

दुसरं यंत्र मागितलं. झोमार्त म्हणाले, हेच चालव, नाहीतर घरची वाट धर. इंकारसाठी पुन्हा पट्टा अडकवला.

१२ सप्टेंबर
आज पाय उचलला तरी यंत्र वर गेलं. थेट शेंड्याला. तिथे थांबून राहिलं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं. दुरुस्तीवाल्याने खाली उतरवलं, पण बिघाड सापडला नाही. घोड्याला तू आवडलीस, म्हणून सगळे हसले. मेले कुठले.

१५ सप्टेंबर
पट्टा सोडताना बकलावर माझ्या बोटांखाली दुसरी बोटं होती. गार. मी ओरडले. कुणी मान वर केली नाही.

१६ सप्टेंबर
नोकरी सोडली. खड्ड्यात गेलं ते कायम होणं. संध्याकाळच्या गाडीने इंकारकडे. आज केंझेगालीचं वर्षाचं जेवण आहे म्हणे. जाता जाता यंत्र तेवढं अंगणात नेऊन ठेव, असं झोमार्तनी सांगितलंय. एवढंच करायचं आणि निघायचं.

अंगणात आणलं आणि वर अडकलेय. पाय खटक्यावर नाही, तरी — खिशात वही होती म्हणून —

हाका मारून घसा बसला. खाली सगळे जमलेत. हात पसरून दुवा मागताहेत. आधी केंझेगालीचं नाव घेतलं. मग माझं.

पट्टा सुटत नाही — बोटं आहेत तिथे — सोडत नाहीत —

अपा सुरी घेऊन यंत्रापाशी — वाकल्या — तेलाच्या नळीवर — अपा, मी वर आहे, मी —

इंकारला सांगा मी निघालेच होते, आजच, संध्याकाळच्या