ह्या खेपंचं गिरान तुझं

ती. आईस,
जेद्दाहून संयोगिताचा वाकून नमस्कार.

फोन तू स्पीकरवर लावतीस आणि निम्मी आळी ऐकती, म्हणून जयराजच्या कुपवाडच्या मित्राकडं हे पत्र देतीय.

दोन ऑगस्टला इथं भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण हाय. तुझा आणि आबांचा व्हिसा आलाय, तिकिटं जयराज काढतोय, जावयाचा हट्टच हाय तसा. आबांचा गुडघा कसा हाय? आमच्याकडं लिफ्ट हाय म्हणून सांग त्यांना.

आता फक्त तुला. मला तिसरा महिना लागलाय. उलट्या होतात थोड्या, पण भाकरी जाती. काळजी करू नको.

तू लगेच म्हणशील, गिरानात बाहेर पडू नको. मी पोटात असताना असंच गिरान लागलं, तवा आबा काजळी धरलेली काच घेऊन माळावर गेले आणि तू अंधाऱ्या खोलीत पाय न मुडपता पडून राहिलीस. बघायचं राहिलं, असं अजून म्हणतीस.

मला ते काय पटत न्हाई. तरीबी त्या दिवशी मी पडदे ओढून आत पडून राहीन, विळीला हात लावणार न्हाई. तू गिरानाचा चष्मा लावून आबांसंगं गच्चीवर जा. आणि खाली आलीस की माझ्याजवळ बसून सगळं सांग.

तुझीच,
संयोगी